गावात बसून परदेशातलं काम मिळतं का?

प्रश्न : पत्र परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलं आहे. लिहिणारा 26 वर्षांचा, नांदेडहून इंजिनिअरिंग केलेला. कॅम्पसमधून नोकरी लागली नाही. पुण्यात एका छोट्या कंपनीत काही महिने काढले. पगार खोली, मेस आणि जाण्यायेण्यातच संपायचा, आणि पुढे कंपनीनंच माणसं कमी केली. तेव्हापासून दीड-दोन वर्षं तो घरी बसून एका फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवर वेबसाइट आणि ॲपची कामं शोधतो आहे. शेकड्यांनी प्रपोजल पाठवली, त्यासाठी लागणाऱ्या कनेक्ट्सवर (प्रपोजल टाकायला प्लॅटफॉर्मकडून विकत घ्यावी लागणारी टोकनं) बरेच पैसे गेले, बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. जी थोडी कामं मिळाली त्यातल्या एका क्लायंटनं "पैसे बाहेरून पाठवतो" म्हणत काम घेतलं आणि गायब झाला. रेट तासाला 15 डॉलरवरून 5 वर आणला, तरी फरक नाही. घरची पाच एकर शेती, सोयाबीन आणि कापूस. घरात रोज हाच विषय. आता टेलिग्रामवर एकानं त्याचं व्हेरिफाय झालेलं खातं महिना 200 डॉलर भाड्यानं मागितलं आहे. "ताई, खातं देऊ का? रेट अजून पाडू का? की सगळं सोडून पुन्हा पुणं गाठू? मला कोडिंग येतच नाही असं आता वाटायला लागलंय," असं तो विचारतो. पत्रासोबत एक जाहिरात आणि तिला पाठवलेलं प्रपोजल जोडलं आहे.

उत्तर :

प्रिय मित्रा,

खात्याचं आधी बोलते, कारण त्यात थांबण्यासारखं काही नाही. खातं देऊ नकोस. त्या माणसाला आजच ब्लॉक कर. त्या खात्यावर तुझं नाव, तुझं ओळखपत्र, तुझा चेहरा आणि तुझी बँक आहे. त्यामागे बसून कोण काय काम करील, कुणाला फसवील, हे तुला कधीच कळणार नाही. पण चौकशी झाली तर पत्ता तुझ्या घरचा निघेल. ही नुसती भीती नाही. मे 2022 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं, अर्थखात्यानं आणि एफबीआयनं मिळून इशारा दिला होता की उत्तर कोरियाचे आयटी कामगार दुसऱ्यांच्या नावाची खाती वापरून फ्रीलान्सिंगच्या साइटवर कामं मिळवतात आणि तो पैसा त्यांच्या सरकारकडे जातो. तुला विचारणारा त्यातलाच आहे असं मी म्हणत नाही. कोण आहे हे तुला आणि मला ठाऊक नाही, एवढंच नकाराला पुरेसं आहे. शिवाय गैरव्यवहाराचा पैसा फिरला की बँक खातं गोठवलं जातं. त्याच खात्यात घरच्या सोयाबीनचे पैसे येत असतील तर सगळं घर अडकेल.

आता तुझं शेवटचं वाक्य. उत्तर येत नाही, म्हणजे मला येत नाही, असा हिशेब तू मांडला आहेस. हा हिशेब मला पटत नाही. मी काही वर्षं परदेशी क्लायंटची कामं केली आहेत आणि नंतर दुसऱ्या बाजूला बसून माणसं निवडलीही आहेत. तिकडून दिसतं ते असं : जाहिरात टाकली की चहा होईपर्यंत प्रपोजलांचा ढीग लागतो. प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. त्यावरून आठ-दहा उघडली जातात, तीन-चार जणांशी बोलणं होतं. उरलेली न उघडता तशीच पडून राहतात. चॅटजीपीटी आल्यापासून तर त्या पहिल्या दोन ओळीही एकाच हातानं लिहिल्यासारख्या दिसतात. कित्येक जाहिरातींवर शेवटी कुणालाच घेतलं जात नाही. मालकाचा विचार बदलतो, किंवा त्याला नुसता भाव काढून पाहायचा असतो. तुझा कोड कुणी पाहिलाच नाही, तर तो वाईट आहे असा निकाल कोणी दिला? तुला कोडिंग येतं की नाही याबद्दल ती शांतता काहीच सांगत नाही. तुझं काम दिसण्याच्या आधीच सगळं थांबतं आहे, एवढंच ती सांगते.

मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेल्यावर काय होतं ते तुला मी सांगायला नको. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे हातावर घेतो, ओलावा बघतो. बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव पाडतो. "माझा माल उत्तम आहे, पाच वर्षांचा अनुभव आहे," असं तिथे कुणी शेतकरी बोलत बसत नाही. माल पुढ्यात असतो. प्लॅटफॉर्मवर तुझा माल दिसत नाही, म्हणून घेणारा आधीच्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू बघतो, आणि तुझ्याकडे ते जवळजवळ नाहीत. म्हणजे मूठभर माल पुढ्यात कसा ठेवायचा, हा तुझा खरा प्रश्न आहे. रेटचा प्रश्न त्याच्या नंतरचा. आणि मोंढ्यात बोली लावायचे पैसे शेतकऱ्याकडून कुणी घेत नाही, इथे घेतात. अपवर्क या प्लॅटफॉर्मचंच उदाहरण घे. एक कनेक्ट 15 सेंटला. एखाद्या कामाला 16 कनेक्ट्स लागले तर 2 डॉलर 40 सेंट, म्हणजे आपले दोनशे रुपये, नुसतं "मी आहे" म्हणायचे. वरच्या जागेवर दिसायचं तर आणखी कनेक्ट्सची बोली. काम मिळालं की कमिशन वेगळं : 2023 मध्ये ते सरसकट 10 टक्के झालं, 2025 पासून नव्या कामांवर शून्य ते 15 टक्क्यांच्या दरम्यान कामागणिक ठरतं. फायव्हर कमाईतले 20 टक्के ठेवतं. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरलेल्या रकमेच्या कामाला 10 टक्के किंवा 5 डॉलर, यातलं जे जास्त असेल ते जातं. 20 डॉलरच्या कामातले 5 तिथेच गेले. हे सगळे आकडे जाहीर आहेत, फसवणूक म्हणता येणार नाही. पण दिसेल त्या जाहिरातीला प्रपोजल टाकणाऱ्याचा खिसा यात रिकामा होतो आणि प्लॅटफॉर्मचं काही बिघडत नाही. म्हणून संख्या कमी कर. निम्मी नाही, फार कमी.

मग कुठल्या जाहिरातीला हात घालायचा? जाहिरातीशेजारी क्लायंटची माहिती असते ती आधी वाच. पेमेंट व्हेरिफाय आहे का, आजवर किती खर्च केला, टाकलेल्या जाहिरातींपैकी कितींवर खरंच माणूस घेतला, कुणाच्या मुलाखती चालू आहेत का. आधीच पन्नासवर प्रपोजल आली असतील आणि चार जणांशी बोलणं सुरू असेल तर ते दोनशे रुपये खिशातच राहू दे. आधीच्या कामगारांना त्यानं काय लिहिलं आणि त्यांनी त्याला काय लिहिलं, तेही पाहा. भांडखोर माणूस तिथे लगेच ओळखू येतो.

आता तू पाठवलेलं प्रपोजल. जाहिरात एका दंतवैद्याची आहे. मोजून तीन ओळी : आमच्या वर्डप्रेस साइटवर पेशंट अपॉइंटमेंटचा फॉर्म भरतात, त्यांना "धन्यवाद" दिसतं, पण क्लिनिकला मेल येत नाही, तातडीनं दुरुस्त करून हवं. खाली साइटचा पत्ता. त्यावर तुझं उत्तर मराठीत सांगायचं तर असं : "आदरणीय महोदय, तुमची गरज मी काळजीपूर्वक वाचली. मी 5 वर्षांचा अनुभव असलेला फुल स्टॅक डेव्हलपर असून रिॲक्ट, नोड, लॅरावेल, पायथन, फ्लटर यांत तज्ज्ञ आहे. दर्जेदार काम वेळेत देण्याची हमी देतो. कृपया संधी द्यावी."

त्या डॉक्टरच्या जागी बसून हे वाच. त्याचे पेशंट रोज हातचे जात आहेत. फ्लटर म्हणजे काय हे त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तुझ्या उत्तरात फॉर्म हा शब्द नाही, मेल नाही, पेशंट नाही. हेच उत्तर कुठल्याही जाहिरातीखाली चालेल, आणि नेमकं म्हणूनच ते कुठेच चालत नाही.

मी ती साइट उघडून पाहिली. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, डीएनएस नोंदी (त्या नावाची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या) सगळ्या जगाला खुल्या असतात; फुकट बघता येतात, पासवर्ड लागत नाही. त्या डोमेनची मेल एका कंपनीकडे आहे आणि साइट दुसऱ्याच होस्टिंगवर. या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद असते, तिच्यात फक्त मेलवाल्या कंपनीचं नाव आहे, होस्टिंगच्या सर्व्हरचं नाही. वर्डप्रेस वेगळी सोय केली नाही तर मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच पाठवतं. म्हणजे क्लिनिकच्या नावानं परवानगी नसलेला सर्व्हर मेल पाठवतो आहे, आणि घेणारी बाजू ती स्पॅममध्ये टाकते किंवा परत लावते. जीमेल आणि याहूनं फेब्रुवारी 2024 पासून हे नियम आणखी कडक केले, त्यामुळे वर्षानुवर्षं नीट चाललेले असे कितीतरी फॉर्म बंद पडले. दुरुस्ती मोठी नाही. फॉर्मची मेल मेलवाल्या कंपनीच्या एसएमटीपीवरून, म्हणजे तिच्या मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवरून, लॉगिन करून पाठवायची. मला खात्री आहे की तुला हे येतं, कारण पत्रात तू लिहिलं आहेस की मावसभावाच्या क्लासच्या साइटवर तू हेच केलंस.

तर मग पहिल्या ओळी अशा असायला हव्या होत्या : "तुमचा फॉर्म बिघडलेला दिसत नाही, मेल वाटेत अडवली जात असावी. तुमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत वेबसाइटच्या सर्व्हरचं नाव नाही, चित्र सोबत जोडलं आहे. आत्ता तुमच्या स्पॅम फोल्डरमध्ये पाहिलंत तर काही अपॉइंटमेंट तिथे पडलेल्या सापडतील. दुरुस्तीला दोन-तीन तास लागतील, रक्कम 60 डॉलर, आणि फॉर्म भरल्यावर मेल पोहोचते हे तुम्हाला दाखवल्यावरच काम पूर्ण समजा." बस. डॉक्टर स्पॅम फोल्डर उघडेल. तिथे पेशंट सापडले की त्याचा तुझ्यावर विश्वास बसला. आणि त्यानं तुला काम दिलं नाही तरी एका माणसाचं भलं झालं. असं एक प्रपोजल लिहायला तास-दीड तास लागतो. दिवसाला एकच होईल. होऊ दे.

सगळं आधीच फुकट सांगून टाकायचं का, असं तुझ्या मनात येईल. रोग सांग, उपचाराचे पैसे घे. रोग ओळखता येणारे कमीच असतात, आणि ओळखणाऱ्यालाच लोक काम देतात.

त्याच प्रपोजलमधलं "5 वर्षांचा अनुभव" काढून टाक. तुझा अनुभव तेवढा नाही, आणि पत्रात तू स्वतःच तसं लिहिलं आहेस. सगळेच लिहितात, हे मला माहीत आहे. पण हा खोटा आकडा तुझ्या उपयोगाचाही नाही. तो टाकून तू ज्यांना खरंच पाच वर्षं झाली आहेत त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतोस, आणि तिथे हरणारच. खोटं लिहिलेला माणूस मुलाखतीत अवघडतो, प्रश्न विचारायला घाबरतो, येत नसलेलं कबूल करत नाही. "मी दोन वर्षं वर्डप्रेस आणि छोटी बिलिंगची कामं करतो, ही पाहा," एवढं सांगणारा मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

रेटबद्दल. पाच डॉलरवर येऊनही फरक पडला नाही, यातच तुझं उत्तर आहे. ज्याला काम नीट हवंय तो पाच डॉलर पाहून बिचकतो, आणि ज्याला फक्त स्वस्त हवंय तो पाचाचे तीन करायला सांगतो, रात्री दोनला मेसेज करतो, वर वाईट रिव्ह्यू देऊन जातो. तासाचा रेट पुन्हा दहा-बाराच्या आसपास ने आणि पहिली काही कामं तासावर न घेता ठरलेल्या रकमेवर घे, छोटी आणि शेवट स्पष्ट असलेली. तासाचा भाव विचारला की तुझी तुलना जगातल्या सगळ्यांशी होते. "तुमचा फॉर्म चालू करून देतो, 60 डॉलर" म्हटलं की तुलना बंद फॉर्मशी होते.

गायब झालेल्या क्लायंटचं मला वाईट वाटलं. ते पैसे आता परत मिळतील अशी आशा धरू नकोस. पुढे मात्र प्लॅटफॉर्मबाहेर पैसे घ्यायचे नाहीत. ते जे कमिशन कापतात त्याच्या बदल्यात निदान हे संरक्षण तरी वसूल कर. ठरलेल्या रकमेच्या कामात त्या टप्प्याची रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे राखीव, भरली गेली आहे हे दिसेपर्यंत एक ओळही लिहू नकोस. अपवर्कवर काम सुपूर्द केल्यानंतर क्लायंटला तपासायला 14 दिवस असतात. तो काहीच बोलला नाही तर रक्कम आपोआप तुझ्याकडे सुटते आणि आणखी 5 दिवसांनी काढता येते. तासावरच्या कामात त्यांचा ट्रॅकर चालू ठेवलास, म्हणजे दर दहा मिनिटांत तुझ्या स्क्रीनचं एक चित्र तो घेतो, तर त्या तासांच्या पैशाला हमी असते. मला ते चित्र घेणं आवडत नाही. पण नव्या क्लायंटबरोबर तेच तुझा पुरावा आहे. काम देण्याआधी कुठल्याही नावाखाली अनामत मागितली तर तो चोर समज. आणि एक नवा प्रकार माहीत असू दे : "आमचा हा प्रोजेक्ट उतरवून घे आणि चालवून चूक शोध, हीच मुलाखत." 2023 पासून सायबर सुरक्षा कंपन्या याबद्दल सावध करत आहेत, त्या कोडमध्ये तुझे पासवर्ड उचलणारा प्रोग्रॅम दडवलेला असतो. अनोळखी कोड तुझ्या रोजच्या लॅपटॉपवर चालवू नकोस. चालवायचाच तर वेगळ्या व्हर्च्युअल मशिनमध्ये (लॅपटॉपच्या आतच चालणारा, बाकीच्यापासून तोडलेला दुसरा संगणक), जिथे तुझं एकही लॉगिन नाही.

इथवर प्लॅटफॉर्मचं झालं. पण पत्र वाचताना मला सारखं एक खटकत होतं. काम म्हणजे परदेशातलंच, आणि ते प्लॅटफॉर्मवरूनच, असं तू गृहीत का धरलंस? दीड-दोन वर्षांत तुझ्या तालुक्यातल्या एकाही दुकानाची पायरी तू चढल्याचं पत्रात नाही.

एक सकाळ मोंढ्यात काढ. विकायला जाऊ नकोस, नुसता बघत बस. आडत दुकानात पट्टी कशी बनते ते पाहा : वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. कुठे ती अजून हातानं लिहितात, कुठे टॅलीत टाकतात आणि पुन्हा वहीतही उतरवतात. शेतकऱ्याला पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, तो हरवला की तो पुन्हा दुकानात येतो. मुनीम संध्याकाळी उशिरापर्यंत कशाचा मेळ घालत बसतो, हे त्याला विचार. अशी दुखणी तिथे बसल्याशिवाय कळत नाहीत आणि बंगळुरूत बसलेल्या कुणाला ती दिसणारही नाहीत. हेच लातूर-नांदेडच्या क्लासेसचं : फी, हप्ते, हजेरी, पालकांना निरोप. लातूरच्या डाळमिल, जालन्याचं बियाणं आणि स्टील, गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्या, तुझ्या तालुक्यातले दवाखाने. जीएसटी जुलै 2017 मध्ये आला तेव्हापासून जीएसटी नोंदणी असलेल्या छोट्या दुकानदारालाही हिशेब संगणकावर लागतो, आणि त्यातले कितीतरी जण अजून दर महिन्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

इथली अडचणही सांगते. "आमचा भाचा दोन हजारात करून देतो" हे तुला ऐकावं लागेल. उधारी होईल. "सोयाबीन विकलं की देतो" म्हणतील, आणि इथे ते खोटंही नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून निम्मे पैसे आधी, उरलेले काम दाखवल्यावर. काय करणार आणि काय नाही, हे अर्ध्या पानावर मराठीत लिहून दोघांची सही. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घे, म्हणजे उद्या भांडण नको. वर्षाच्या देखभालीची रक्कम आधीच ठरव, कारण खरं उत्पन्न तिथे आहे : आठ-दहा दुकानांची वर्षाची देखभाल हाताशी असली की महिन्याला निदान नेटचा आणि विजेचा खर्च तरी कुणाकडे मागावा लागत नाही.

आणि या प्रत्येक कामाचं एक पान इंग्रजीत लिहून ठेव. अडचण काय होती, तू काय केलंस, आधी आणि नंतर काय दिसतं त्याची चित्रं, मालकाला विचारून, नावं झाकून. "आडत दुकानाला पट्टी बनवायला पूर्वी इतका वेळ लागायचा, आता इतका लागतो" हे वाक्य अमेरिकेतल्या धान्याच्या व्यापाऱ्यालाही कळतं. प्रपोजलसोबत जोडायला तुझ्याकडे हेच नव्हतं.

एक वाट यातूनच पुढे जाते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं बनवलेलं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे; स्टॉक, खरेदी, विक्री, हिशेब सगळं त्यात आहे. ते ज्यात लिहिलंय ते पायथन आणि जावास्क्रिप्ट तुला येतंच. ते आपल्या लॅपटॉपवर उतरव, एखाद्या डाळमिलच्या कामाप्रमाणे मांडून बघ, त्यातली एखादी छोटी चूक दुरुस्त करून पाठव. ती दुरुस्ती स्वीकारली गेली तर तुझ्या नावानं कायम सगळ्यांसमोर राहते, आणि तिथे कुणी कनेक्ट्सचे पैसे घेत नाही. ईआरपीनेक्स्टच हवं असा माझा आग्रह नाही. पण "रिॲक्ट, नोड, लॅरावेल, पायथन, फ्लटर" या पाच नावांऐवजी एक गोष्ट अशी हवी की ती म्हटली की लोकांना तू आठवशील.

पुण्याचं काय? पत्रात तू "पुन्हा पुणं" असं लिहिलंस, जणू ती शिक्षा आहे. मला तसं वाटत नाही. नोकरीत पगारापलीकडे जे मिळतं ते घरात बसून मिळत नाही : तुझा कोड कुणीतरी जाणकार वाचतो आणि चुका दाखवतो, कामाला किती वेळ लागेल हे सांगायची सवय लागते, आणि दोन-तीन वर्षांत तिथले सहकारी चार कंपन्यांत पांगतात. फ्रीलान्सिंगची चांगली कामं मला बहुतेक अशाच लोकांकडून मिळाली, प्लॅटफॉर्मवरून फार कमी. पुण्याचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरकडे बघ. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडियाचं केंद्र आहे, शहरात लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, राहणं पुण्यापेक्षा स्वस्त, आणि शनिवारी संध्याकाळी रेल्वेनं जालन्यावरून थेट परभणी. अर्ज करताना वर सांगितलेली ती पानं जोड. पैसे घेऊन "अनुभवाचं पत्र" देणारे पुण्यात भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. चौकशीत ते उघडं पडतं आणि लागलेली नोकरीही जाते.

कराचं थोडक्यात. रक्कम लहान असली तरी दर वर्षी आयकर विवरणपत्र भर. पुढे घरासाठी किंवा कशाहीसाठी कर्ज काढताना बँक तेच मागते. परदेशातून रक्कम आल्याचा बँकेचा कागद, एफआयआरए, प्रत्येक वेळी जपून ठेव. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, तिथवर तुला सध्या काळजी नाही. तरी एकदा परभणीत एखाद्या सीएकडे जाऊन ये.

राहिलं घर. वडील रोज विचारतात त्यात तुला टोमणा ऐकू येतो. मला वाटतं त्यांना नुसतं कळत नाही. त्यांनी आयुष्यभर पेरणी पाहिली, काढणी पाहिली. तू दिवसभर स्क्रीनसमोर बसतोस, त्यातून काय आणि कधी निघणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांना सांग. वही घेऊन त्यांच्याशेजारी बस : आजवर कनेक्ट्सवर किती गेले, कामाचे किती आले, कुणी बुडवले. हे आकडे लाजिरवाणे वाटले तरी खरे सांग. मग पुढचं सांग. सोयाबीन निघेपर्यंत तू कनेक्ट्सवर महिन्याला किती रुपयांच्या वर खर्च करणार नाहीस, तालुक्यातली किती दुकानं गाठणार आहेस, आणि दिवाळीपर्यंत घरात नियमित पैसा यायला लागला नाही तर संभाजीनगर किंवा पुण्यात अर्ज टाकणार आहेस. अर्ज मात्र दिवाळीची वाट न पाहता आत्तापासूनच टाकायला लाग, कारण मुलाखतीला बोलावणं यायलाच महिने जातात. सोयरिकीचा विषय घरात निघतो असंही तू ओझरतं लिहिलं आहेस. पाहुण्यांना कंपनीचं नाव लागतं हे खरं, पण बँकेच्या पासबुकात दर महिन्याला जमा दिसली तर निम्मी चर्चा तिथेच थांबते.

वडिलांच्या ओळखीचा एखादा आडत्या असेलच. पहिल्यांदा मोंढ्यात जाशील तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन जा. तुला तिथे कुणी ओळखत नसेल, त्यांना ओळखतात.